पंप कोरडे पडले तर कॉलेजच्या आवारात पेट्रोल-डिझेल पुरवून कसं वापरायचं : नवीन आलेल्यांसाठी

२०२४ चा १ जानेवारी सोमवारी आला होता. दुपारपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर एकच मेसेज फिरून राहिला होता की टँकरवाले संपावर गेले, उद्यापासून आठ दिवस पंप बंद. चार वाजता लायब्ररी रिकामी, लॅब रिकामी, अन् तालुक्याच्या पंपावर पार मेन रोडपर्यंत रांग. मी आवारात वाहनांचं काम पाहते, म्हणजे लॉगबुक, डिझेलच्या स्लिपा, बस कधी सुटणार, कोण बसणार हे सगळं. त्यामुळे ते तीन दिवस सगळे प्रश्न माझ्याच टेबलावर आले, अन् अशा वेळी काय करायचं याचा लिहून ठेवलेला एक कागद आमच्याकडे नव्हता. दरवर्षी जून-जुलैत नवीन पोट्टे-पोट्ट्या येतात, नवीन सर-मॅडम येतात, त्यांना इथलं काही माहीत नसते, म्हणून तेव्हा जे शिकलो ते क्रमानं लिहून देते.

तो संप कशावरून होता ते नवीन पोरांना आठवत नसेल. भारतीय न्याय संहितेत कलम १०६(२) आलं, त्यात अपघातात कोणाचा जीव गेल्यावर पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या ड्रायव्हरला १० वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली होती, आधीच्या कायद्यात निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर २ वर्षांपर्यंत होती. ट्रक-टँकरचे ड्रायव्हर यावर भडकले, मनमाडच्या पानेवाडी डेपोतून टँकर निघणं बंद झालं, नागपुरात पंपावर रात्रीपर्यंत गर्दी. २ तारखेच्या रात्री दिल्लीत सरकार अन् वाहतूकदारांच्या संघटनेची बैठक झाली अन् संप मिटला. नवीन कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला पण ते एक पोटकलम तेव्हा बाजूला ठेवलं.

म्हणजे टंचाई खरी किती दिवसांची होती, तर दोन-तीन दिवसांची. पंप मात्र पहिल्याच संध्याकाळी कोरडे पडले. काऊन? साधा हिशोब पाहा. आपल्या आवारात ४०० टू-व्हीलर धरा, रोज जेवढं लागते त्यापेक्षा प्रत्येकानं ५ लिटर जास्त टाकलं तर एका संध्याकाळी २००० लिटर गेलं, अन् हे फक्त आपल्या आवारातलं, आजूबाजूची २५-३० गावं वेगळी. टँकर थांबल्यानं पंप पहिल्या दिवशी रिकामा होत नाही हो, आपण सगळे एकदम गेल्यानं होते. हे एवढं डोक्यात बसलं तर खालचं सगळं सोपं आहे.

अन् हे फक्त संपापुरतं नाही. आपल्याकडे पेट्रोल नागपूरकडून बोरखेडीच्या डेपोतून नाहीतर अकोल्याकडून गायगावच्या डेपोतून टँकरनं येते. पावसाळ्यात नाल्याला पूर आला, पुलावरून पाणी गेलं की टँकर तिकडेच अडकते. तिकडे गडचिरोलीत भामरागडला तर पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की सगळंच बंद होते, पेट्रोलचं काय घेऊन बसले.

१. आधी टाकी उघडून पाहा, मंग घाबरा

मेसेज आला की चावी घेऊन पंपाकडे पळू नका. पाच मिनिटं बसा अन् हिशोब करा. समजा तुम्ही तालुक्याहून रोज येता, जायचे १४ अन् यायचे १४, असे २८ किलोमीटर. गाडी १०० किंवा १२५ सीसीची, अॅव्हरेज ६० चं. म्हणजे रोजचं पेट्रोल अर्ध्या लिटरपेक्षा कमी. टाकीत ५ लिटर असलं तर ३०० किलोमीटर झाले, दहा दिवस तुम्हाला पंपाचं तोंड पाहायची गरज नाही. मैत्रीण सोबत येत असली अन् एक दिवस तिची गाडी एक दिवस तुमची असं केलं तर तेच पेट्रोल वीस दिवस जाते.

हा हिशोब मी त्या मंगळवारी ऑफिससमोरच्या फळ्यावर लिहून ठेवला होता. बऱ्याच जणांनी तो पाहून गाडी परत स्टँडला लावली. ज्याच्या टाकीत खरंच एक लिटर उरलं होतं तोच गेला.

फक्त एक लक्षात ठेवा, २०२० नंतरच्या ज्या गाड्या आहेत त्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, त्यांना जुन्यासारखा रिझर्व्हचा कॉक नसते. त्यांचा पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून असते अन् पेट्रोलनंच थंड राहते, त्यामुळे शेवटच्या थेंबापर्यंत चालवायची सवय असली तर पंप जळते. मीटरवर लाईट लुकलुकायला लागली की ती गाडी घरी ठेवा, दुसऱ्याच्या मागे बसून या.

२. कागद अन् सामान एका जागी ठेवा

टंचाई आल्यावर झेरॉक्सचं दुकान शोधत फिरू नका, आधीच ठेवा.

विद्यार्थ्यांसाठी : कॉलेजचं ओळखपत्र, आधारची झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो, बोनाफाईड (हे एसटीच्या पासला लागते), गाडीचं आरसी, लायसन्स, पीयूसी, विमा. मोबाईलमध्ये डिजिलॉकरवर असलं तरी चालते पण गावात नेटवर्क जाते म्हणून एक कागद जवळ असू द्या.

ऑफिससाठी : सगळ्या गाड्यांची लॉगबुकं, डिझेल मोजायची पट्टी, जनरेटरचं रजिस्टर, पंपवाल्याचा अन् एसटी आगाराचा फोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात, ग्रामीण रुग्णालयाचा नंबर, अन् विद्यार्थ्यांची गावनिहाय यादी. ही यादी सगळ्यात महत्त्वाची अन् नेमकी तीच कुठं नसते. अॅडमिशनच्या फॉर्मवर गाव लिहिलेलं असते, तिथून काढून घ्या, एका दिवसाचं काम आहे.

टायरमध्ये हवा मोजायचं छोटं मीटर मिळते, एक विकत घेऊन स्टँडवरच्या भाऊंकडे ठेवा.

३. आवारातलं डिझेल मोजा अन् कोणाला आधी ते ठरवा

हे स्टाफसाठी आहे पण पोरांनीही वाचा, कारण बस बंद झाली की तुम्हीच आमच्याशी भांडायला येता.

त्या वेळी आम्ही एक मोठी चूक केली, ती सांगते. १ तारखेला डिझेल किती आहे हे कोणीच मोजलं नाही. आवाराची जीप, जी रात्री-बेरात्री पेशंट न्यायला ठेवली आहे, ती मंगळवारी दिवसा दोनदा जिल्ह्याला गेली, एकदा कागद पोचवायला अन् एकदा पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला. रात्री साडेदहाला मेसमधल्या काकूंच्या छातीत दुखायला लागलं. १०८ ला फोन केला, गाडी दुसऱ्या केसवर होती, यायला वेळ लागणार होता. जीप काढली तर काटा लाल रेषेच्याही खाली. जिल्ह्याचं दवाखाना ४० किलोमीटर. शेवटी शेती विभागाच्या ट्रॅक्टरसाठी ठेवलेल्या डबकीतून दहा लिटर डिझेल घेतलं, पण त्या खोलीची चावी चौकीदाराकडे अन् चौकीदार जागलीला वावरात. सगळं जमेपर्यंत ३५ मिनिटं गेली. काकू बऱ्या झाल्या, आजही मेसमध्ये आहेत, पण ती ३५ मिनिटं मला अजून जशीच्या तशी आठवतात.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे अन् तो प्राचार्यांच्या सहीनं भिंतीवर लावलेला आहे :

पहिली रुग्णाची गाडी. तिची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, टंचाई असो नसो. तिची चावी अन् डिझेलच्या खोलीची चावी दोन्ही गेटवर.
दुसरं पाणी, म्हणजे लाईट गेल्यावर मोटर चालवायला जनरेटरचं डिझेल.
तिसरं मेसचं सामान. भाजीपाला, दूध, सिलिंडर.
चौथं परीक्षेचे पेपर अन् उत्तरपत्रिका.
त्यानंतर विद्यार्थ्यांची बस. अन् सगळ्यात शेवटी मीटिंगा, पाहुणे, साहेबांची गाडी.

शेवटच्या ओळीवर नवीन साहेब आले की दरवेळी थोडी कुरकुर होते. तेव्हा शांतपणे काकूंची गोष्ट सांगायची. आतापर्यंत तरी कोणी नाही म्हटलं नाही.

मोजायचं कसं, तर सकाळी गाडी सपाट जागी उभी करून, रोज एकाच वेळी, अन् आकडा लॉगबुकमध्ये लिहायचा. ज्या कामासाठी गाडी चालली त्याच दिशेचं दुसरं काम आहे का हे निघायच्या आधी सगळ्या विभागांना विचारायचं. आमच्याकडे एकाच दिवशी बँकेचं, पोस्टाचं अन् केमिकल आणायचं काम तीन वेगळ्या गाड्यांनी झालेलं मी लॉगबुकमध्ये पाहिलं आहे. आता एकच गाडी सकाळी अकराला निघते, ज्याचं जे काम असेल त्यानं साडेदहापर्यंत कागद आणून द्यायचा.

४. गावनिहाय जोड्या लावा

इथं ती यादी कामी येते. एका कागदावर रस्ते लिहा, नुसती गावं नका लिहू. म्हणजे फाट्यावरून येणारे, नाल्यापलीकडचे, तालुक्याकडचे असं. प्रत्येक रस्त्याला एक मुलगा अन् एक मुलगी प्रमुख करा, त्यांनी जोड्या लावायच्या. एक दिवस एकाची गाडी, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची. पैशाचा हिशोब ठेवायची गरजच पडत नाही, पाळी आहे ना.

ज्याच्याकडे गाडीच नाही त्यानं काय करायचं हा प्रश्न येतेच. त्यानं आठवड्याला किती पेट्रोल द्यायचं ते आधीच बोलून घ्या, नंतर मनात राहते अन् मैत्री खराब होते.

ट्रिपल सीट बसू नका. टू-व्हीलरवर मागे एकच माणूस बसवता येते असा कायदाच आहे, अन् आपल्या इथल्या रस्त्यानं ऊस-कापसाचे ट्रॅक्टर, समोरून येणाऱ्या बंड्या, रात्री त्यांना लाईट नसते. तीन लिटर पेट्रोल वाचवायला जीव घालू नका. दोघांनीही हेल्मेट घाला.

मुलींच्या जोड्या लावताना एक जास्तीची गोष्ट पाहा, परत जायची वेळ. सकाळी येणं सगळ्यांना जमते, संध्याकाळी प्रॅक्टिकल लांबलं की जोडीदार निघून जाते अन् एकटी पोरगी फाट्यावर उभी राहते. म्हणून नियम असा ठेवा की ज्या जोडीनं सोबत यायचं तिनं सोबतच जायचं, अन् घरी पोचल्यावर रस्त्याच्या प्रमुखाला एक मिसकॉल. जानेवारीत सहाला अंधार पडते, हे तुमच्या मॅडमलाही सांगा म्हणजे त्या साडेचारला सोडतील.

हॉस्टेलवरून विभागात जायला गाडी काढणारे पण आहेत. दीड-दोन किलोमीटरसाठी. ही थंड इंजिनची छोटी चक्कर सगळ्यात जास्त पेट्रोल खाते. टंचाईच्या दिवसांत आवारात गाडी फिरवायचीच नाही, पायी या नाहीतर सायकल काढा. आमच्याकडे हॉस्टेलच्या मागे सात-आठ सायकली गंजत पडल्या होत्या, पंक्चरवाल्या भाऊला बोलावून एका दिवसात चालू केल्या.

५. एसटी धरा, अन् पास काढून ठेवा

आपल्या भागात लालपरी हा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे अन् पोरांना तो आठवतच नाही, गाडी घेतली की पास बंद. बहुतेक आगारांत डिझेलचा स्वतःचा पंप असते, त्यामुळे गावातला पंप कोरडा पडला तरी एसटी लगेच थांबत नाही. तरी आगारात फोन करून रोज विचारा, कोणती फेरी रद्द झाली ते.

विद्यार्थ्यांच्या पासला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच भरायचा. मुलींना मार्च २०२३ पासून तसंही अर्धं तिकीट आहे, पण रोज येणाऱ्या मुलीला पासच स्वस्त पडते, हिशोब करून पाहा. पासला बोनाफाईड, फोटो अन् ओळखपत्र लागते. टंचाई सुरू झाल्यावर पासच्या खिडकीवरही रांग लागते, म्हणून आधीच काढा.

कॉलेजनं काय करायचं, तर आगार व्यवस्थापकाला लेटरहेडवर पत्र द्यायचं. नुसतं बस वाढवा असं लिहून काही होत नाही. त्यात लिहा की या रस्त्यावर या गावांतून इतके विद्यार्थी, सकाळी इतक्या वाजता पोचायचं आहे, संध्याकाळी इतक्या वाजता सुटतात, तेवढ्या दिवसांपुरता कॉलेजच्या गेटवर विनंती थांबा द्या. गावनिहाय आकडे जोडले की तिकडच्या साहेबांनाही निर्णय घेणं सोपं जाते. आमच्या पत्रात आकडे होते म्हणून दुसऱ्याच दिवशी सकाळची गाडी गेटवर थांबायला लागली. पत्र एका पोराच्या हाती पाठवा अन् पोच घ्या.

काळीपिवळीवाले अशा वेळी भाडं वाढवतात. त्यांच्याशी फाट्यावर उभं राहून एकेकट्यानं भांडण्यापेक्षा दहा-बारा जणांनी मिळून सकाळ-संध्याकाळची गाडी ठरवून घ्या.

६. टाइमटेबल दाबून बसवा

एका पोराचे आठवड्यात सहा चकरा होतात. त्यातल्या दोन वाचल्या तर तिसरा हिस्सा पेट्रोल वाचलं, अन् त्यासाठी कोणालाच काही त्रास नाही, फक्त विभागप्रमुखांनी एकदा बसायचं. ज्या दिवशी एकच लेक्चर आहे तो दिवस रिकामा करा, ते लेक्चर प्रॅक्टिकलच्या दिवशी घाला. बाहेरगावच्या पोरांचे प्रॅक्टिकल सलग दोन दिवस ठेवा. ऑनलाइन लेक्चरचं म्हणाल तर शहरात ठीक आहे, आमच्या निम्म्या पोरांच्या गावात रेंज टाकीवर चढल्यावर येते, म्हणून त्यावर अवलंबून राहू नका, रेकॉर्डिंग अन् नोट्स देऊन ठेवा.

ज्या पोराला येताच आलं नाही त्याची हजेरी कापू नका, हे मी सगळ्या सर-मॅडमना हात जोडून सांगते. ७५ टक्क्यांच्या भीतीनंच पोरं रात्री अकराला पंपावर उभी राहतात.

जानेवारीत एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर असते, तेही याच कचाट्यात सापडते. आमचं शिबिर त्या आठवड्यात पाच किलोमीटरवरच्या गावात होतं. रोज पिकअप पाठवायच्या ऐवजी सगळा किराणा अन् सतरंज्या एकदाच नेल्या, भाजी गावातच घेतली, अन् पाण्याच्या टाक्या सरपंचांनी आपल्या बंडीनं आणून दिल्या. पोरांना बंडीवर बसायला मिळालं म्हणून तीच त्या शिबिराची आठवण झाली.

७. जनरेटर अन् पाणी

जनरेटर किती खाते याचा अंदाज कोणालाच नसते. चांगल्या लोडवर एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३ ते साडेतीन युनिट वीज मिळते. पाच एचपीची मोटर तासाला चार ते साडेचार युनिट घेते. म्हणजे दोन तास मोटर चालवली तर अडीच-तीन लिटर गेलं. पण मोठा जनरेटर लावून दोन ट्यूबलाईट अन् एक कॉम्प्युटर चालवला तर तेवढ्याशा विजेला कितीतरी जास्त डिझेल जळते, शिवाय कमी लोडवर खूप वेळ चालवल्यानं इंजिनमध्ये काजळी धरते.

म्हणून करायचं असं. महावितरणची लाईट आहे तोपर्यंत सगळ्या टाक्या भरून घ्यायच्या, हॉस्टेलची, मेसची, लॅबची. गावात लाईट कधी जाते हे चौकीदाराला पाठ असते, त्याला विचारा. जनरेटर दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळीच लावायचा, अन् त्या वेळेत मोटर, लॅबचा फ्रीज, कॉम्प्युटर लॅबचं चार्जिंग, मिक्सर-ग्राइंडर सगळं एकदम उरकायचं. बाकी वेळ बंद. हॉस्टेलच्या पोरांना वेळ आधी सांगा म्हणजे मोबाईल चार्ज करून ठेवतील, नाहीतर रात्री बारा वाजता जनरेटर लावा म्हणून दार वाजवतात.

मेसच्या गॅसचं थोडक्यात सांगते. तुरीची डाळ दोन तास आधी भिजत घाला, मोठ्या कुकरमध्ये एकदाच वरण, भात झाकण ठेवून. आंघोळीचं पाणी सोलरचं. एवढ्यानंही सिलिंडर लांबते.

८. गाडी चालवताना

हे सगळ्यांना माहीत आहे असं वाटते पण करत कोणी नाही.

वेग ४५ ते ५५ ठेवा, पेट्रोल वाचवायचं सांगणारी पीसीआरए ही सरकारी संस्था पण हेच सांगते. मेन रोडवर ८० नं पळवून पाच मिनिटं वाचतात अन् पेट्रोल जाते. हवा सकाळी, गाडी थंड असताना भरा, किती ते गाडीच्या स्टिकरवर लिहिलेलं आहे. क्लचवर बोटं ठेवून चालवू नका. ब्रेक घासत असेल तर तपासा, गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक हातानं फिरवा, सहज फिरलं पाहिजे.

आपल्याकडे एअर फिल्टर फार लवकर भरते. पांदण रस्त्याची धूळ, कापूस वेचणीच्या दिवसातला बारीक कचरा, सगळं आत जाते अन् गाडी पेट्रोल जास्त ओढायला लागते. कंपनीनं सांगितलेल्या वेळेच्या आधीच उघडून पाहा. चेनला तेल. गाडी उन्हात लावू नका, कडुनिंबाखाली लावा, उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जाते तेव्हा झाकण सैल असलं तर पेट्रोल उडते.

उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये सोडायची पोरांना फार हौस. इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून अॅक्सिलेटर सोडला की पेट्रोल तसंही बंद होते, अन् न्यूट्रलमध्ये इंजिनचा ब्रेक मिळत नाही. फायदा काही नाही, धोका आहे.

९. पंपावर जावंच लागलं तर

जायच्या आधी फोन करा, टँकर आला का, कधी येणार. एकटे जाऊ नका असं नाही, पण जोडीतली ज्याची टाकी रिकामी त्याचीच गाडी न्या. २०० रुपयांचं टाका, फुल्ल नको, मागच्यालाही मिळू द्या. त्या रांगेत तुमच्यासोबत फवारणी पंपाला पेट्रोल घ्यायला आलेला शेतकरी आहे, दवाखान्यात बाई न्यायची असलेला ऑटोवाला आहे. कॉलेजचं ओळखपत्र दाखवून पुढे घुसू नका. आमच्या काही पोरांनी तसं केलं अन् नंतर दोन महिने गावात कॉलेजच्या पोरांबद्दल वाईट बोलणं झालं, ते चुकीचं नव्हतं.

पेट्रोल टाकताना मीटर शून्यावर आहे का पाहा. शंका आली तर पाच लिटरच्या मापानं मोजून मागा, फिल्टर पेपर मागा, ते देणं पंपाला बंधनकारक आहे. पेपरवर थेंब टाकला, उडून गेला अन् डाग राहिला नाही तर पेट्रोल ठीक, डाग राहिला तर भेसळीचा संशय. टँकर खाली होत असेल तर थोडं थांबा, तळाचा गाळ ढवळलेला असते.

हे बिलकुल करू नका

खोलीत पेट्रोल साठवू नका. त्या वेळी मुलांच्या हॉस्टेलमध्ये पलंगाखाली पाण्याच्या बाटल्यांमध्ये भरलेलं पेट्रोल सापडलं होतं, एका खोलीत चार बाटल्या, अन् बाजूला पाणी तापवायचा रॉड लावलेला. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशाच्या थंडीतही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्या थंडीचा तर प्रश्नच नाही. ती वाफ हवेपेक्षा जड असते, खाली जमिनीवर पसरते, दाराखालून दुसऱ्या खोलीत जाते, लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असू शकते. पाण्याची प्लास्टिकची बाटली पेट्रोल ठेवायला बनवलेलीच नसते. अन् आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते हवेतली ओल ओढते, म्हणजे नीट न झाकलेलं पेट्रोल महिन्यानंतर गाडीलाही चांगलं नाही. वॉर्डन काकांनी खोल्या तपासल्या तर रागावू नका.

तोंडानं नळी ओढून पेट्रोल काढू नका. एक घोट चुकून श्वासात गेला तर थेट फुप्फुसात जाते. कोणाच्या पोटात गेलंच तर उलटी करायला लावू नका, मीठ-पाणी पाजू नका, सरळ दवाखान्यात न्या.

किराणा दुकानात बाटलीत मिळणारं पेट्रोल घेऊ नका. टंचाईत ते दीडपट-दुप्पट भावानं विकतात अन् त्यात रॉकेल किती हे देव जाणे. गाडी धूर सोडायला लागली, चढावर खडखड करायला लागली की समजा. इंजेक्टर साफ करायचा खर्च वाचवलेल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त येते.

अन् मेसेज पुढे पाठवायच्या आधी पंपावर नाहीतर तहसीलच्या पुरवठा विभागात फोन करून विचारा. त्या सोमवारी 'आठ दिवस' हा शब्द कुठून आला ते आजपर्यंत कोणाला सांगता आलं नाही.

१०. टँकर आल्यावर

पहिल्याच दिवशी पंपावर जाऊ नका, एक दिवस जाऊ द्या. जोड्या लगेच मोडू नका, आमच्याकडच्या नाल्यापलीकडच्या चार मुली अजून पाळीनंच येतात अन् महिन्याचं निम्मं पेट्रोल वाचते म्हणतात. एसटीच्या आगाराला आभाराचं पत्र द्या, पुढच्या वेळी ओळख राहते. ऑफिसनं लॉगबुक बंद करताना कोणत्या गाडीनं किती वाचवलं अन् कोणाकडून किती उसनं घेतलं ते लिहायचं. शेती विभागाचे ते दहा लिटर आम्ही ५ जानेवारीला, शुक्रवारी, परत भरले, डबकीवर तारीख टाकली, अन् खोलीची दुसरी चावी करून गेटवर टांगली.